फुसक्या काडतुसांचा डबा

"कुत्रा गेला, नवरा गेला, कोंबड्या कोल्ह्यानं नेल्या. आता या घरात चोरण्यासारखं उरलंय काय? मी! आणि मला नेणारा दोन दिवसांत आणून सोडेल."

हे माझी मम्मी पिठाच्या डब्याला सांगत होती. मी तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर बीन्सच्या शेंगा मोडत बसले होते. पण मम्मीला जे मला ऐकवायचं असतं, ते ती मला कधीच सांगत नाही. पिठाला सांगते, शेगडीला सांगते, फारच महत्त्वाचं असेल तर मांजराला. मी फक्त त्या वेळी तिथे असावं, एवढीच तिची अपेक्षा असते.

निमित्त झालं लर्लीनच्या शिडीचं. लर्लीन ही मम्मीची सर्वांत जवळची शेजारीण, म्हणजे ओढ्याच्या कडेनं अर्धा मैल खाली. तिच्या शेडमधून अ‍ॅल्युमिनियमची शिडी गायब झाली. आमच्या या दरीत तीस वर्षांत चोरी झालेली नव्हती. कारण सगळ्यांकडे त्याच वस्तू आहेत. त्यामुळे शिडी गेल्याची बातमी दुपारी बारा वाजता लर्लीनच्या तोंडून निघाली आणि संध्याकाळी ओहायोत माझ्या भावाला पोचेपर्यंत तिची चार माणसांची टोळी झाली होती.

"मम्मीकडे काहीतरी हवं," गार्लंड फोनवर म्हणाला.

"डॅडींची दुनळी बंदूक आहे की कपाटात."

"नेड्रा, ती मम्मीपेक्षा उंच आहे. उडवली तर चोर एका बाजूला पडेल आणि मम्मी दुसऱ्या. छोटं पिस्तूल बघ. खिशातलं. पॉइंट टू-टूचं, बारीक गोळीचं."

या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती, पण ती आम्ही दोघांनी फार सांभाळून बाजूला ठेवली. डॅडींना जाऊन दोन वर्षं झाली होती. मम्मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचं घर दरीच्या पार टोकाला, माझ्यापासून अकरा मैलांवर. गार्लंडच्या घरात जिने फार. माझ्या घरात मागची खोली आहे. पण तिच्यात माझ्या नवऱ्याचे, व्हर्जिलचे, मासे धरायचे चारशे गळ आहेत आणि एक व्यायामाची सायकल आहे, जिच्यावर मी ओले टॉवेल वाळत घालते. तर अशा सगळ्या अडचणी असल्यामुळे पिस्तूल घ्यायचं ठरलं.

बुधवारी मम्मीसकट आम्ही बायका चर्चच्या तळघरात गोधड्या शिवतो. तिथे मी सहज विषय काढला. सहज विषय काढणं हे आमच्या चर्चमध्ये शक्य नाही, हे मी एव्हाना शिकायला हवं होतं. सहा बायकांच्या पर्समधून पाच पिस्तुलं निघाली. (सहावीचं गाडीत होतं.) गोळ्या काढून, नळ्या भिंतीकडे करून ती गोधडीवर मांडली गेली आणि नातवंडांचे फोटो दाखवावेत तशा कौतुकानं हातोहात फिरली. लर्लीनच्या पिस्तुलात पेपरमिंटचा कागद अडकलेला होता. तो तिनं टाचणीनं काढला आणि म्हणाली, "तरी म्हटलं, इतके दिवस गेला कुठे!"

एकीनं सांगितलं, रिव्हॉल्व्हरच घे, अडकत नाही. तिचं रिव्हॉल्व्हर काडेपेटीएवढं होतं. मम्मीनं हातात घेतलं तर दिसेनासंच झालं. "हे माझ्याकडून बिस्किटांच्या पिठात मळलं जाईल," मम्मी म्हणाली. दुसरी म्हणाली, टू-टूची गोळी काय कामाची, डासालासुद्धा राग येईल फक्त. त्यावर तिसरी म्हणाली, तू समोर उभी राहा, मग बघू राग येतो का. यावरून दोघी तीन आठवडे एकमेकींशी बोलल्या नाहीत आणि त्यांच्या वाट्याचा गोधडीचा कोपरा अजून तसाच आहे.

लर्लीनचं म्हणणं वेगळंच. "मुद्दा पिस्तुलाचा नाही, खिशाचा आहे. पिस्तूल ज्या खिशात, त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नसतं. चावी नाही, नाणं नाही, काही नाही. चापात अडकतं."

सगळ्यांनी मम्मीच्या एप्रनच्या खिशाकडे पाहिलं. त्यात कपड्यांचे चिमटे, भोपळ्याचं बी, दोरा, औषधाची डबी, हातरुमाल आणि एक स्क्रू होता. तो स्क्रू कशाचा ते तिला माहीत नाही, पण ती वस्तू सापडेपर्यंत जवळ ठेवायचा, असा तिचा नियम आहे.

"मग पिस्तुलाला सांगा दुसरं घर बघायला," मम्मी म्हणाली.

शेवटी लर्लीननं गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांचा एक वेगळा खिसा शिवून दिला. लाल, पिवळा, मध्ये फुलपाखरू. पिस्तुलाआधी खिसा आला, म्हणजे माघार घेणं संपलं.

होबर्ट खाणीतून निवृत्त झाल्यापासून बंदुकांचं दुकान चालवतो; मागच्या टेकडीत खणून नेमबाजीचं मैदान केलंय. फार कमी बोलणारा माणूस. खाणीत बोलायची सवय लागत नाही, असं तो सांगतो, आणि तेवढंही वर्षातून एकदाच.

त्याच्या दुकानात मी मम्मीला एक पिस्तूल दाखवलं. "बघ, सोपं असतं. वरची ही स्लाइड धरायची आणि मागे ओढायची." मी ओढली. ती अर्धी आली, थांबली, आणि माझ्या अंगठ्याजवळची कातडी धरून परत गेली. मी ओरडले नाही. फक्त एक शब्द बोलले, जो मम्मीनं मला आठव्या वर्षी साबणानं तोंड धुऊन विसरायला लावला होता.

"सोपं दिसतंय," मम्मी होबर्टला म्हणाली.

होबर्टनं दुसरं काढलं. याची स्लाइड ओढावीच लागत नव्हती. बाजूची एक कळ दाबली की नळी मागून टुणकन वर येते, त्यात एक गोळी घालायची आणि नळी खाली दाबायची. झालं. मम्मीनं कळ दाबली, नळी वर झाली; नळी बंद केली; पुन्हा कळ दाबली. डॅडी गेल्यानंतर एवढी मजा तिला कशात आलेली मी पाहिली नव्हती.

"हेच," ती म्हणाली.

मग फॉर्म आला.

फॉर्ममध्ये राहता पत्ता लिहायचा आणि तो गाडीच्या लायसन्सवरच्या पत्त्याशी जुळायला हवा. मम्मीच्या लायसन्सवर होता जुना टपालाचा पत्ता, 'रूट दोन, पेटी ११४.' पण अँब्युलन्सला घर सापडावं म्हणून सरकारनं सगळ्या रस्त्यांना नावं देऊन बारा वर्षं झाली. आमच्या रस्त्याचं नाव टर्की पेन. मम्मीनं ते कधीच मान्य केलं नाही, कारण टर्कीचा खुराडा आमच्या ओढ्यावर नव्हता, पलीकडच्या ओढ्यावर होता.

होबर्ट माझ्या कानाशी म्हणाला, "तू घे तुझ्या नावावर आणि आईला भेट दे. कायद्यात बसतं."

मम्मीला देवाचं प्रवचन पहिल्या रांगेत बसून ऐकू येत नाही, हे आलं. "माझ्या खिशातली वस्तू माझ्या नावावर असेल," ती म्हणाली.

म्हणून लायसन्सचं ऑफिस. तिथली बाई गोड होती, जशा कामं न करणाऱ्या बायका असतात. नव्या पत्त्याचे, मम्मीच्या नावाचे दोन कागद द्या, म्हणाली. मी विजेचं बिल दिलं, पाण्याचं दिलं, फोनचं दिलं.

"ही सगळी एस्टिल प्रेटर यांच्या नावावर आहेत."

"ते माझे वडील."

"मग मिस्टर प्रेटरना घेऊन या."

"आणते," मम्मी म्हणाली. "फावडं आहे का तुमच्याकडे?"

त्यानंतर त्या बाईनं आमच्याकडे पाहिलं नाही. एक पत्रक सरकवलं. म्हणून वीज कंपनी. तिथे मृत्यूचा दाखला हवा. दाखला घरी, घर वीस मैल. दुसऱ्या दिवशी दाखला आणला तर तो झेरॉक्स. तिसऱ्या दिवशी अस्सल. या फेऱ्यांमध्ये व्हर्जिल रोज संध्याकाळी विचारायचा, "मिळालं का पिस्तूल?" आणि मी सांगायचे, "अजून नाही. पण रस्ता खणायचं काम सोडून बाकी सगळी खाती बघून झाली."

तिसऱ्या दिवशी परत येताना मम्मी गाडीत मांडीवर पाकीट घेऊन बसली होती. ती खिडकीला म्हणाली, "दोन वर्षं त्याच्या नावानं पत्र तरी यायचं."

मी म्हटलं, "मम्मी, पट्टा नीट लाव."

असो. सात आठवड्यांनी ऑर्फा प्रेटर, टर्की पेन रोड, या बाईला पिस्तूल मिळालं.

घेतलंय तर चालवायला शिकली पाहिजे, यावर गार्लंड, व्हर्जिल, लर्लीन आणि पाद्री या सगळ्यांचं एकमत झालं. दर गुरुवारी सकाळी होबर्टच्या मैदानावर बायकांची वेळ असते. मम्मी गाडी चालवते, पण फक्त चर्चपर्यंत आणि फक्त उजवीकडे वळून. म्हणून अकरा मैल जाऊन मी तिला आणायचं आणि परत सोडायचं ठरलं.

गोळ्या विकत घ्यायला मम्मी तयार नव्हती. तळघरात, लोणच्याच्या बीन्सशेजारी, डॅडींचा कॉफीचा मोठा डबा होता, टू-टूच्या गोळ्यांनी काठोकाठ भरलेला. डॅडींनी कधी घेतल्या होत्या देव जाणे. ही जातच बारीक. बुडाच्या काठावर ठोका बसला की उडणारी, आणि चांगली असली तरी कधीमधी रुसणारी. त्यात ओलीत पडलेली. पाचातली एक फुसकी निघायची.

आणि होबर्टचा नियम असा: गोळी उडाली नाही, नुसतं 'टक्' झालं, तर पिस्तूल खाली घ्यायचं नाही, उघडायचं नाही, वळायचं नाही. नळी समोर धरून तीस आकडे होईपर्यंत उभं राहायचं. काही गोळ्या उशिरा जाग्या होतात. होबर्ट मागून मोठ्यानं आकडे मोजतो. तीस म्हणाला की मगच हलायचं.

पहिल्या गुरुवारी मम्मीनं सात पावलांवरच्या कागदी ताटलीवर नेम धरला. चर्चच्या जेवणातली ताटली, तिच्यावर ग्रेव्हीचा डाग होता, त्यालाच मध्यबिंदू धरायचं ठरलं. ठो. ठो. ठो. टक्.

"एक," होबर्ट म्हणाला. "दोन."

आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून, तोंडं समोर करून उभ्या. तिनं माझ्याकडे पाहायचं नाही, मी तिच्याकडे पाहायचं नाही. करायला काही नाही, जायला कुठे नाही.

"यंदा बीन्सवर कीड पडलीय," मम्मी मोठ्यानं म्हणाली. मोठ्यानं, कारण दोघींच्या कानांवर आवाज अडवणारे जाड टोप होते. त्या मैदानावर जे बोलायचं ते ओरडूनच.

"राख टाक," मी ओरडले.

दुसऱ्या फुसक्या गोळीला ती ओरडली, "मी आता स्टॅक केक करत नाही! एकटीला सात थर कोण खाणार!"

तिसरीला: "तुझ्या डॅडीचा वस्तरा अजून बेसिनवर आहे! मी त्याच्याखालची जागा पुसते आणि परत ठेवते!"

मैदानावर सहा बायका होत्या. कोणीच गोळी झाडली नाही. मी ताटलीवरच्या ग्रेव्हीकडे पाहत राहिले. "अठ्ठावीस," होबर्ट म्हणाला, "एकोणतीस, तीस." मम्मीनं कळ दाबून फुसकी गोळी काढली, होबर्टच्या पाण्याच्या बादलीत टाकली आणि दुसरी भरली.

मीही चालवलं. त्याबद्दल थोडक्यात सांगते. माझा पहिला नेम शेजारच्या बाईच्या ताटलीला लागला. ती फार खूश झाली. दुसऱ्या वेळी रिकामं तापलेलं काडतूस उडालं ते सरळ माझ्या ब्लाउजच्या गळ्यात. आता अशा वेळी माणूस काय करतो? माणूस नाचतो. मीही नाचले, पण होबर्ट मागून "नळी समोर! नळी समोर!" करत होता, म्हणून कंबरेपासून खाली नाच आणि कंबरेपासून वर पुतळा, असा तो प्रकार झाला. पुढच्या रविवारी चर्चमध्ये पाद्र्यानं संयमावर प्रवचन दिलं आणि माझ्याकडे पाहून दोनदा खोकला.

असे नऊ गुरुवार गेले. टक् झालं की मम्मी बोलायची. संध्याकाळी पाचनंतर घरातले घड्याळाचे ठोके कसे मोठे वाटतात. घरात कोणीतरी बोलतंय असं वाटावं म्हणून ती स्वयंपाकघरात असतानाही टीव्ही चालू ठेवते. मांजर आजकाल लर्लीनकडेच राहतं. आणि मी? मी म्हणायचे, "घड्याळ बंद करून टाक." "मांजर दुसरं आणू." माझ्याजवळ प्रत्येक गोष्टीला उपाय होता. परतताना गाडीत ती पुन्हा खिडकीकडे तोंड करायची. खिडकीशीच काय बोलायचं ते.

दहाव्या आठवड्यात व्हर्जिलनं मदत केली. व्हर्जिल मदत करतो तेव्हा मला धडकी भरते. तो चांगल्यापैकी महागाच्या नव्या गोळ्या घेऊन आला आणि मम्मीच्या तळघरातला कॉफीचा डबा उचलून होबर्टकडे नष्ट करायला देऊन आला. "धोकादायक असतात जुन्या," तो म्हणाला. खरंच होतं. त्याचं नेहमी खरंच असतं.

त्या गुरुवारी मम्मीनं पन्नास गोळ्या झाडल्या. पन्नासही उडाल्या. ताटलीची चाळण झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मम्मीनं पिस्तूल ठेवलं आणि चेहरा असा केला, जसा केक मधोमध बसल्यावर करते.

"काय झालं?"

"या गोळ्या बऱ्या नाहीत."

"बऱ्या नाहीत? मम्मी, एकसुद्धा फुसकी निघाली नाही!"

"तेच," ती म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

मी जरा उशिरा उमजणारी बाई आहे. अकरा मैल गाडी चालवली, तिला सोडलं, अकरा मैल परत आले, भांडी घासली, आणि शेवटचा काटा हातात असताना मला समजलं. व्हर्जिल म्हणाला, "रडतेस का? काटा टोचला?" मी हो म्हटलं.

मग मी काय केलं? त्याच क्षणी मम्मीला फोन करायला हवा होता. मी मागच्या खोलीत गेले आणि सायकलवरचे टॉवेल काढले. घडी घातली. मग त्या चारशे गळांकडे पाहिलं आणि टॉवेल परत घातले. काहीतरी बोलायचं असलं की तोंड उघडावं लागतं, आणि आमच्या घराण्यात त्याची तालीम नाही.

पुढच्या गुरुवारी मम्मीला न्यायला गेले तर ती कोट घालून ओसरीवर उभी होती, फुलपाखराचा खिसा छातीशी धरून. मैदानावर पोचलो. ती नवी पेटी उघडणार, इतक्यात होबर्टनं बाकाखालून कॉफीचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला.

"कोणीतरी टाकून गेलं होतं, मिस ऑर्फा," तो म्हणाला. "फेकायला सवड झाली नाही."

होबर्ट दिवसभर बाकावर बसून असतो. त्याला सवडीशिवाय दुसरं काही नाही.

मम्मीनं डब्यात हात घालून गोळ्या अशा चाळल्या, जशी ती बीन्स चाळते. नळी वर, गोळी आत, नळी खाली. ठो. ठो. मी मनात म्हणत होते, टक् होऊ दे. आणि झालं. टक्.

"एक," होबर्ट म्हणाला.

"लर्लीनची शिडी सापडली!" मम्मी ओरडली.

मी वळणार होते. आठवलं आणि समोर पाहत राहिले. "कुठे?"

"चर्चच्या माळ्यावर! नाताळात तिनंच चांदणी टांगायला दिली होती! सगळ्यांना सांगायची लाज वाटते म्हणून मला एकटीला सांगितलं!"

पलीकडे सहा नंबरच्या जागेवर लर्लीन पिस्तूल भरत होती. ती फार एकाग्र झाली.

"नऊ. दहा."

"म्हणजे चोर नव्हताच!" मी म्हणाले.

"नव्हताच!"

"चौदा. पंधरा."

म्हणजे टोळी नव्हती. म्हणजे पिस्तुलाची गरज नव्हती. म्हणजे शिकायची गरज नव्हती. हे आम्हा दोघींना एकदमच कळत होतं आणि आम्ही दोघी ताटलीकडे पाहत होतो. तिचा हात थोडा खाली येत होता. मी माझा हात तिच्या कोपराखाली धरला. एवढी परवानगी नियमात आहे की नाही, होबर्टनं सांगितलं नाही.

"वीस," होबर्ट म्हणाला. "एकवीस." बायका सगळ्या थांबल्या होत्या. मी तोंड उघडलं. मागची खोली, म्हणायचं होतं. गळ, सायकल, टॉवेल, सगळं आठवलं आणि मी तोंड मिटलं.

"सत्तावीस. अठ्ठावीस."

मम्मीनं घसा साफ केला.

"एकोणतीस," होबर्ट म्हणाला, आणि पुढचा आकडा त्याला आठवेना. दहा वर्षं तो तीसपर्यंत मोजतो आहे. त्या दिवशी एकोणतीसवर थांबून तो आकाशाकडे बघत राहिला.

या वेळी मम्मी ओरडली नाही. साध्या आवाजात बोलली, तरी कानांवरच्या जाड टोपातून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"नेड्रा, मला त्या घरात एकटीला राहायचं नाही."